चार एकर एकोणीस गुंठे आणि चार कोटींची बाटली

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात १९४५ सालच्या रेड वाइनची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने चार कोटी रुपयांच्या वर. बाटलीत वाइन नेहमीइतकीच, पाऊण लीटर. एका बाटलीला लिलावात तोपर्यंत एवढी किंमत कधी आली नव्हती.

त्या वाइनचं नाव रोमाने-कोंती. अशी बातमी आली की शौकीन मंडळी हळहळतात आणि बाकीचे म्हणतात, ‘शेवटी द्राक्षाचा आंबवलेला रसच ना?’ रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते अगदी खरं आहे, पण त्याने किमतीचा उलगडा होत नाही. यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ही वाइन चांगली का, हा एक. ती इतकी महाग का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शेतात सापडतं. दुसऱ्याचं बरंचसं उत्तर शेताच्या बांधावर आहे.

शेत केवढं आहे?

फ्रान्सच्या पूर्व भागात बर्गंडी हा प्रांत आहे. दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे टेकड्यांची एक लांबट ओळ जाते आणि तिच्या पूर्वेकडच्या उतारावर द्राक्षाच्या बागा लागतात. तिथल्या व्होन-रोमाने नावाच्या छोट्या खेड्याच्या वरच्या अंगाला, बुटक्या दगडी बांधाच्या आत, रोमाने-कोंतीची बाग आहे. बांधावर एक दगडी क्रूस आणि पाहुण्यांना नम्र विनंती करणारी पाटी : बरेच लोक बघायला येतात, आम्ही समजू शकतो, पण कृपया रस्त्यावरूनच बघा.

क्षेत्रफळ १.८१ हेक्टर. आपल्या हिशेबात चार एकर एकोणीस गुंठे. फक्त एवढीच जमीन असती, तर आपल्या सरकारी व्याख्येनुसार या बागेचा मालक ‘अल्पभूधारक’ ठरला असता. प्रत्यक्षात मालकी आहे ‘दोमेन द ला रोमाने-कोंती’ या दोन घराण्यांच्या भागीदारीतल्या संस्थेकडे. शेजारची ला ताश ही सहा हेक्टरांची बाग त्यांचीच, आणि आसपासच्या आणखी नामांकित बागांमध्येही त्यांचे तुकडे आहेत.

रोमाने-कोंतीतून वर्षाला साधारण पाच-सहा हजार बाटल्या निघतात. वाईट साली त्याहून कमी. एवढ्याच बाटल्या साऱ्या जगात वाटून घ्यायच्या.

वाइन कंपनीची नाही, गटाची

आपण वाइन ओळखतो ती कंपनीच्या नावाने, नाहीतर शिराझ, कॅबरने अशा द्राक्षाच्या जातीने. बर्गंडीत ओळख असते ती शेताची. नाव, हद्द आणि इतिहास असलेल्या अशा प्रत्येक तुकड्याला तिथे ‘क्लीमा’ म्हणतात. २०१५ साली युनेस्कोने या भागातल्या १२४७ क्लीमांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

समजा, हापूसच्या पेटीवर ‘कोकण’ एवढंच लिहिलं तर एक भाव. ‘देवगड’ लिहिलं तर जास्त. देवगडातल्या एखाद्या नावाजलेल्या वाडीचं नाव असेल तर आणखी जास्त. आणि त्या वाडीतल्या एका ठरावीक गट नंबराचंच नाव पेटीवर छापता आलं, तर सगळ्यात जास्त. शिवाय बांधापलीकडचा एकही आंबा त्या पेटीत घातला तर कायद्याने गुन्हा. बर्गंडीची पद्धत हीच आहे. तळाला प्रांताच्या नावाची वाइन, तिला ‘बूर्गोन्य’ म्हणतात. तिच्यावर गावाच्या नावाची. त्याच्या वर ‘प्रिमिए क्रू’, म्हणजे गावातल्या निवडक चांगल्या बागा. आणि सगळ्यात वर ‘ग्रां क्रू’. अशा ग्रां क्रू बागा अख्ख्या बर्गंडीत ३३ आहेत आणि प्रांताच्या एकूण उत्पादनात त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के.

पण एका बांधाने असा काय फरक पडतो?

टेकडीच्या माथ्याजवळ माती पातळ आणि हवा गार, तिथे द्राक्ष पिकायला वेळ लागतो. पायथ्याशी वरून वाहून आलेली जाड, ओल धरणारी माती. तिथे वेल माजतो, घड मोठे येतात आणि रस पातळ होतो. मधल्या पट्ट्यात चुनखडीच्या खडकावर चिकणमातीचा बेताचा थर असतो. पाणी साचत नाही आणि मुळांना उपासही पडत नाही. तोंड पूर्वेला असल्यामुळे पहाटेचा गारठा लवकर निघतो. रोमाने-कोंती नेमकी या मधल्या पट्ट्यात आहे. माती, उतार, ऊन, पाणी या सगळ्याचा मिळून वाइनवर पडणारा ठसा म्हणजे ‘तेरवार’. वाइनवाल्यांचा हा सगळ्यात आवडता शब्द, आणि सगळ्यात जास्त गैरवापरही याचाच होतो.

त्यात इथलं द्राक्ष पिनो न्वार. पातळ सालीचं, नाजूक, बुरशीला लगेच बळी पडणारं. त्याची वाइन फिकट लाल असते आणि तिच्यात दाट रंगाचा किंवा तुरटपणाचा आडोसा नसतो. म्हणून जमिनीतला लहानसा फरकही ग्लासात उतरतो, असा तिथल्या लोकांचा अनुभव आहे. १३९५ साली बर्गंडीच्या ड्यूकने गामे हे भरघोस पिकणारं द्राक्ष उपटून टाकायचं फर्मान काढलं होतं. पीक कमी आलं तरी चालेल पण दर्जा राखा, हा तिथला हट्ट सहाशे वर्षांचा आहे.

हद्द आखली कोणी?

आधी मठातल्या साधूंनी. मध्ययुगात या उतारावरच्या चांगल्या बागा मठांच्या ताब्यात होत्या. रोमाने-कोंतीची जमीन साँ-व्हिव्हाँ मठाची. पिढ्यानपिढ्या एकाच उतारावर राबणाऱ्यांना कोणत्या वाफ्यातली वाइन चांगली होते ते कळलं, आणि त्यांनी तसे बांध घातले. पुढे बाग खाजगी मालकांकडे गेली आणि १७६० मध्ये कोंतीचा राजपुत्र लुई-फ्रांस्वा द बूर्बों याने ती विकत घेतली. हा राजपुत्र म्हणजे राजा पंधराव्या लुईचा भाऊबंद. राजाची लाडकी मादाम द पोंपादूर हिलाही ही बाग हवी होती आणि राजपुत्राने तिच्यावर मात केली, असा किस्सा सांगतात. पर्यटकांना तो फार आवडतो, इतिहासकारांना तितका नाही. राजपुत्राने ही वाइन बाजारातून काढून स्वतःच्या पंगतीपुरती ठेवली, आणि न मिळणारी वाइन म्हणून तिची ख्याती तिथून सुरू झाली. फ्रेंच राज्यक्रांतीत बाग जप्त झाली आणि १७९४ मध्ये विकायला निघाली. जुन्या रोमाने नावाला ‘कोंती’ जोडलं गेलं ते या विक्रीच्या वेळी. राजपुत्र गेला, पण त्याच्या नावाला बाजारात किंमत होती.

विसाव्या शतकात कायदा आला. १९३६ मध्ये रोमाने-कोंतीला ग्रां क्रू म्हणून मान्यता मिळाली आणि बांध सरकारी कागदावर पक्का झाला.

इथे मला थोडी शंका घ्यावीशी वाटते. रोमाने-कोंतीच्या दक्षिणेला, मधे फक्त एक पायवाट सोडून, ला ग्रांद रू नावाचा लांबट पट्टा आहे. त्याच्या पलीकडे ला ताश. म्हणजे दोन्ही बाजूंना जगातल्या सर्वांत महागड्या बागा, आणि हा पट्टा मात्र १९९२ पर्यंत एक पायरी खालीच होता. १९३० च्या दशकात वर्गवारी झाली तेव्हा मालकांनी वरच्या दर्जासाठी अर्जच केला नव्हता. पुढे तो केला आणि बढती मिळाली. या साठ वर्षांत माती काही बदलली नाही. तेव्हा तेरवार खरा असला, तरी नकाशावरची रेष माणसाच्या हातची आहे. तिच्यात निसर्ग आहे तसा तलाठीही आहे.

शेतात वेगळं काय करतात?

नाशिकच्या बागायतदाराला हा भाग सहज समजेल, आणि बहुधा पटणार नाही.

आपल्याकडे खायच्या द्राक्षाच्या बागेत एकरी हजाराच्या आसपास वेली मांडवावर चढवतात आणि एकरी आठ-दहा टन माल सहज धरतात. बर्गंडीत हेक्टरी दहा हजार किंवा त्याहून जास्त वेली, कमरेएवढ्या उंचीच्या, खेटून लावलेल्या. प्रत्येकीवर मोजकेच घड. रोमाने-कोंतीत एका हेक्टरातून साधारण २५०० लीटर वाइन निघते, म्हणजे एकरी दीड टनाच्याही आत द्राक्ष. एका बाटलीला सरासरी तीन वेलींचा माल लागतो. वेली म्हाताऱ्या, मशागत बरीचशी घोड्याने, कारण ट्रॅक्टरने माती दबते. रासायनिक खतं आणि कीटकनाशकं १९८० च्या दशकातच बंद झाली. ताम्र आणि गंधक मात्र सेंद्रिय शेतीतही चालतात. डाऊनी या बुरशीच्या रोगावर आपण मारतो ते बोर्डो मिश्रण मुळात फ्रान्सचंच.

तोडणीनंतर घड पुन्हा हाताने निवडतात, बहुतेक वेळा देठांसकट आंबवतात, मग वाइन नव्या ओकच्या पिंपांत मुरते. अख्ख्या बागेची वाइन वीसेक पिंपांत मावते. यात कोणतंही गुपित नाही. ही पद्धत माहीत असणारे आणि वापरणारे बर्गंडीत पुष्कळ आहेत. पंचवीस युरोची वाइन करतानाही तिथले चांगले शेतकरी यातलं बरंच काही करतात. म्हणजे मेहनतीने किमतीचा काही भाग समजतो, सगळा नाही.

मग १९४५ चीच बाटली चार कोटींना का?

त्याचं उत्तर एका किडीत आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची सूक्ष्म कीड युरोपात आली. ती द्राक्षाच्या मुळांचा रस शोषते. फ्रान्सच्या बागाच्या बागा वाळल्या. अमेरिकन जंगली द्राक्षाची मुळं या किडीला दाद देत नाहीत, म्हणून तोडगा निघाला तो कलमाचा : खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच वेल. आज जगातल्या बहुतेक बागा अशाच आहेत. महाराष्ट्रात थॉमसन सीडलेसचं कलम डॉगरिज खुंटावर बांधतात. तो खुंटही अमेरिकन वंशाचाच, फक्त आपल्याकडे कारण वेगळं आहे : खारवट पाणी आणि दुष्काळ.

रोमाने-कोंतीच्या मालकांनी मात्र कलम करायचं टाळलं. जुन्या वेलीची फांदी जमिनीत दाबून तिलाच मुळं फुटू द्यायची, आपण दाब कलम म्हणतो तसं, ही तिथली पूर्वापार पद्धत. त्यांनी तीच चालू ठेवली आणि किडीला आवरायला जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचत राहिले. खर्चिक आणि किचकट काम. दुसऱ्या महायुद्धात ना औषध मिळेना ना मजूर, आणि वेली खचल्या. १९४५ च्या वसंतात कडाक्याचं दंव पडलं, पुढचा उन्हाळा उत्तम गेला. पीक आलं अवघ्या दोन पिंपांचं, म्हणजे सुमारे ६०० बाटल्या. त्या हंगामानंतर सगळी बाग उपटली. १९४७ मध्ये ला ताशमधून निवडलेल्या काड्यांची कलमं करून नवी लावली. १९४६ ते १९५१ या सालांची रोमाने-कोंती अस्तित्वातच नाही.

तेव्हा १९४५ ची बाटली म्हणजे अस्सल जुन्या मुळांवरची शेवटची वाइन, महायुद्ध संपल्याचं साल, आणि फक्त ६०० बाटल्या. त्यातही न्यूयॉर्कमध्ये विकलेली बाटली बर्गंडीतल्याच रोबेर द्रूआँ या नामवंत वाइन व्यापाऱ्याच्या तळघरातून आलेली, म्हणजे खरेपणाबद्दल शंका नाही. घेणाऱ्याने पैसे मोजले ते मुख्यतः या गोष्टींसाठी. आत वाइन आहे, हे जवळपास दुय्यम.

चवीत एवढा फरक असतो का?

नसतो. किमतीच्या प्रमाणात तर नाहीच.

जाणकारांच्या मते रोमाने-कोंती ही असामान्य वाइन आहे, आणि इतक्या वर्षांच्या एकमताला मी केवळ भपका म्हणणार नाही. पण दोन हजारांची आणि वीस हजारांची वाइन यांत जो फरक कळतो, त्याच्या पटीत फरक पुढे वाढत जात नाही. शिवाय आपली जीभ आपल्याला वाटते तितकी स्वतंत्र नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बेचव लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी सांगितलं ते नाकाने मान्य केलं. १९७६ मध्ये पॅरिसला नावं झाकून चव घेण्याची एक स्पर्धा झाली. तीत फ्रेंच परीक्षकांनी लाल आणि पांढऱ्या दोन्ही गटांत पहिला नंबर कॅलिफोर्नियाला दिला. परीक्षकांत ओबेर द व्हिलेन होते, जे पुढेही अनेक दशकं रोमाने-कोंतीचा कारभार बघत होते. त्या दिवशी त्यांची स्वतःची वाइन स्पर्धेत नव्हती, हे त्यांचं नशीब.

हे पैसे मिळतात कोणाला?

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. लिलावातली किंमत शेताच्या मालकाला मिळत नाही. दोमेन आपली वाइन ठरलेल्या आयातदारांना ठरलेल्या कोट्याने देते. एके काळी तर बारा बाटल्यांच्या मिश्र पेटीत रोमाने-कोंतीची एकच बाटली असायची, बाकी त्यांच्याच इतर बागांच्या. ही वाइन ज्या भावाने दोमेनकडून निघते आणि पुढे ज्या भावाने विकली जाते, त्यात मोठं अंतर असतं. ताज्या सालाची बाटलीही खुल्या बाजारात हजारो डॉलरला जाते. मधला मलिदा कोट्यात नाव असणाऱ्यांचा.

जिथे असं अंतर, तिथे लबाडी आलीच. रूडी कुर्नियावान नावाचा एक तरुण अमेरिकेतल्या लिलावांत जुन्या दुर्मीळ वाइनचा मोठा व्यापारी म्हणून वावरत होता. रोमाने-कोंतीच्या वेडापायी लोक त्याला ‘डॉक्टर कोंती’ म्हणायचे. २००८ मध्ये त्याने लिलावाला दिलेल्या बाटल्यांत पोंसो या बर्गंडीतल्या घराण्याची १९४५ ते १९७१ या सालांची एक ग्रां क्रू निघाली. त्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवातच १९८० च्या दशकात केली होती! लोरां पोंसो स्वतः न्यूयॉर्कला जाऊन उभा राहिला आणि बाटल्या मागे घेतल्या गेल्या. २०१२ मध्ये एफबीआयने कुर्नियावानच्या घरावर छापा घातला, तेव्हा लेबलं, बुचं आणि मिश्रणं करायचा सरंजाम सापडला. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. कित्येक श्रीमंत लोक त्याच्या मिश्रणाला वाहवा करत प्यायले होते.

जमिनीचा भाव वाढला, म्हणजे शेतकऱ्याचं भलंच ना?

कागदावर. नेपोलियनच्या काळापासून फ्रान्समध्ये वारसांत जमिनीची वाटणी होते. क्लो द वूजो ही बाग पन्नास हेक्टरांची आणि तिचे मालक ऐंशीच्या आसपास, कुणाकडे नुसत्या चार ओळी. आता जमिनीचा भाव वाइनच्या उत्पन्नाच्या कैक पट झाला आहे आणि वारसा कर त्या भावावर बसतो. वारसांना तो परवडत नाही, मग बाग विकावी लागते. घेणारे असतात लुई व्हितॉनवाल्या एलव्हीएमएचसारखे समूह : २०१४ मध्ये त्यांनी क्लो दे लांब्रे ही पावणेनऊ हेक्टरांची बाग घेतली, सुमारे दहा कोटी युरोंना. एकरी किंमत काढून बघा. एवढी किंमत नांगर धरून फिटत नाही.

दुसरं संकट हवेचं. बोन शहरात १३५४ पासूनच्या द्राक्षतोडणीच्या तारखा नोंदलेल्या आहेत. १९८८ नंतर तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा साधारण दोन आठवडे लवकर होते आहे. सध्या तरी याचा फायदाच झाला, कच्च्या राहणाऱ्या द्राक्षांची सालं जवळपास संपली. पण कोंबही लवकर फुटतात आणि एप्रिलच्या दंवात सापडतात, जसे २०२१ मध्ये सापडले. आणि तापमान असंच वाढत गेलं, तर ज्या मधल्या पट्ट्याला साधूंनी सर्वोत्तम ठरवलं, त्याच्या वरचा गार पट्टा जास्त चांगला ठरू शकतो. तेव्हा १९३६ च्या रेषेचं काय करायचं? तिथल्या कोणाला हा प्रश्न मोठ्याने विचारायची घाई नाही.

आपण काय घ्यायचं?

परदेशात किंवा विमानतळावर बर्गंडीची बाटली दिसली, तर एक सापळा लक्षात ठेवा. लेबलवर ‘व्होन-रोमाने’ असेल तर ती गावाची वाइन, रोमाने-कोंती नव्हे. गावाचं मूळ नाव नुसतं व्होन. १८६६ मध्ये त्याने प्रसिद्ध बागेचं नाव शेपटीला जोडून घेतलं. झ्हेव्रे गावाने हाच उद्योग त्याआधी १८४७ मध्ये शांबेर्तँ या बागेच्या नावाने केला होता. ग्रां क्रूच्या लेबलवर गावाचं नाव नसतंच, फक्त बागेचं.

आणि बागेइतकंच उत्पादकाचं नाव बघा, कारण ऐंशी मालकांच्या एकाच बागेतून उत्तम वाइनही निघते आणि सुमारही. चांगल्या उत्पादकाची साधी ‘बूर्गोन्य’ ही आळशी उत्पादकाच्या ग्रां क्रूपेक्षा पुष्कळदा बरी असते. फक्त ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची’ हा नियम पुण्या-मुंबईच्या खोल्यांसाठी लिहिलेला नाही. पिनो न्वार सोळा अंशांच्या आसपास चांगली लागते, तेव्हा उघडण्याआधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा.